टाइमलाइन बदलणारी कथा मधेच अडकते तेव्हा: लक्षणं, तपासण्या आणि कुठं थांबायचं

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी एक लहानसं वाचनालय चालवतो. रविवारी दुपारी तिथं कथा लिहिणारी पोरं-पोरी जमतात, नववीतल्यांपासून ते डी.एड. करून घरी बसलेल्यांपर्यंत. आठ वर्षांत काळप्रवासाच्या पन्नासेक कथा माझ्याकडे आल्या असतील आणि त्यातल्या बहुतेक एकाच जागी फसल्या होत्या. नायक मागच्या काळात जातो, काहीतरी बदलतो, परत येतो आणि तिथून पुढं कथा चालत नाही. मग लेखक यंत्राचं वर्णन वाढवतो, दोन शास्त्रीय शब्द घालतो, तरी गाडी जागची हलत नाही.

यंत्रात बिघाड क्वचितच असतो. बहुतेक वेळा कथेनं काळाचा एक नियम धरलेलाच नसतो, किंवा धरलेला नियम मधेच सुटलेला असतो. तो कुठं सुटला हे शोधायच्या तपासण्या खाली दिल्या आहेत, सोप्यापासून अवघडाकडे. क्रम मोडू नका. पहिल्या दोन तपासण्यांतच अर्ध्याहून जास्त कथा मोकळ्या होतात.

उदाहरणाला एकच कथा धरतो. दहावीतल्या एका मुलानं लिहिलेली, त्याच्या परवानगीनं सांगतोय. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे आता बंद आहे, पण एका रात्री तिच्या रुळावर शिटी ऐकू येते. नायक डब्यात चढतो आणि १९८७ सालात उतरतो. त्या वर्षी त्याच्या आबाजींनी विहिरीजवळचं वावर विकलं होतं. नातू त्यांना समजावतो, सौदा मोडतो, परत येतो. वावर आता घरचंच आहे. इथपर्यंत कथा झकास होती. पुढची चार पानं त्यानं तीनदा फाडली.

लक्षणं

यातली दोन जरी दिसली तरी पुढं वाचा.

- ऐकणारा विचारतो, “वावर विकलंच नाही, तर मग हा मागं गेला कशाले?”
- जुनं सगळं एकट्या नायकाला आठवतं आणि त्याचं कारण कुठंच दिलेलं नाही.
- सुरुवातीला एखादा म्हातारा सांगतो की झालेलं बदलत नाही. शेवटी सगळं बदलतं आणि त्या म्हाताऱ्याचं काय ते कुणी विचारत नाही.
- शेवटची पानं नुसती समजावण्यात जातात. दोन पात्रं समोरासमोर बसून नियम बोलतात.
- शेवटी नायकाला जाग येते आणि ते स्वप्न ठरतं. हे लक्षण दिसलं की समजावं, लेखक थकला आहे. त्याला रागवू नये.

पहिली तपासणी: सनावळी

वेळ अर्धा तास, खर्च शून्य. कथेतली सगळी वर्षं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येक वर्षापुढं त्या काळात काय होतं, काय नव्हतं ते लिहा.

आमच्या मुलाच्या कथेत १९८७ साली शकुंतलेला डिझेल इंजिन होतं. तिचं वाफेचं इंजिन गेलं १९९४ साली. आबाजी बीटी कपाशीचं बियाणं पेरत होते, आणि बीटीला आपल्या देशात परवानगी मिळाली २००२ साली. मावशी वाशीम जिल्ह्यात दिली होती, पण वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी तो भाग अकोल्यात होता. पूर्वेकडची पोरं अशीच चूक गडचिरोली आणि गोंदियाची करतात. गडचिरोली चंद्रपुरातून निघाला १९८२ साली, गोंदिया भंडाऱ्यातून १९९९ साली. नायक १९५७ च्या एप्रिलच्या मागं जाणार असेल तर त्याच्या खिशातले नवे पैसे चालणार नाहीत, तिथं आणे लागतील.

साध्या ऐतिहासिक कथेत अशी चूक वाचक पोटात घालतो. टाइमलाइनच्या, म्हणजे काळाची वाट बदलणाऱ्या, कथेत मात्र चूक आणि खूण सारखीच दिसते. १९८७ सालात डिझेल इंजिन दिसलं की चाणाक्ष वाचक म्हणणार, अरे, म्हणजे हे वेगळंच जग आहे! तो त्या धाग्यामागं जातो, लेखकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून ही तपासणी आधी. जिथं जग खरोखर वेगळं आहे तिथंच काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे.

दुसरी तपासणी: नियम एका वाक्यात सांगा

लेखकाला वही मिटायला लावायची आणि विचारायचं, तुझ्या कथेत मागं जाऊन काही बदलता येतं का? उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. “येतं, पण...” अशी सुरुवात झाली की बिघाड इथंच आहे. माझ्याकडे आलेल्या कथा तीनच नियमांवर चालतात.

पहिला, वाट एकच आणि ती बदलत नाही. नातू मागं गेला तर तोही आधीपासूनच त्या इतिहासात होता. रात्री अनोळखी पोरगा दार वाजवून वावराचं बोलतो, आबाजींना वाटतं भाऊबंदांनीच माणूस पाठवला, आणि त्या धास्तीनं ते दुसऱ्या दिवशी सौदा उरकून टाकतात. नातवानं थांबवायला जावं आणि त्याच्या जाण्यानंच ते घडावं. रशियन शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी १९८० च्या दशकात साधारण हेच तत्त्व गणितात मांडलं: काळात मागं जाणारी वाट असलीच, तर तिच्यावर परस्परविरोधी घटना घडू शकत नाहीत. हा नियम कडक आहे आणि शोकांतिकेला फार चांगला.

दुसरा, वाट एकच पण ती बदलते. पाटी पुसून पुन्हा लिहावी तशी. पोरांना हाच आवडतो आणि सगळ्यात जास्त बिघाडही यातच होतात. कारण पुसताना नायकाच्या जाण्याचं कारणही पुसलं जातं. आजोबांना लग्नाआधीच मारलं तर मारणारा नातू आला कुठून, हा जुना पेच तो हाच. नियम वापरता येतो, पण पुसलेल्या पाटीवर नायक एकटा कसा उरला याचं उत्तर कथेत आधी पेरावं लागतं.

तिसरा नियम फाट्याचा. यवतमाळहून येणारा रस्ता फाट्यावर दोन दिशांना जातो. दुसऱ्या रस्त्यानं गेलं म्हणून पहिला उखडला जात नाही. नातवानं सौदा मोडला त्या क्षणी नवा फाटा फुटला. तिथं वावर घरचं राहिलं. जिथून तो निघाला तिथं ते विकलेलंच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ साली पुंज-यांत्रिकीसाठी, म्हणजे अणूहूनही बारीक कणांच्या शास्त्रासाठी, अनेक जगांची कल्पना मांडली. पुढं १९९१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी दाखवलं की मागं जाणारा प्रवासी दुसऱ्या जगात उतरतो असं धरलं तर आजोबांचा पेच उरतच नाही. नातू ज्यांना थांबवतो ते दुसऱ्या फाट्यावरचे आजोबा. टाइमलाइन-टाइमलाइनमधला प्रवास म्हणतात तो खरा हाच.

मराठीत या तिसऱ्या नियमाचा धडा घ्यायचा तर जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुन्हा वाचा. फाटा एकच: १७६१ च्या पानिपतात विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं लागत नाही. एका गोळीच्या चुकण्यातून सगळा इतिहास वेगळा. गंगाधरपंत त्या जगात जातात, तिथला इतिहास वाचतात, पाहतात आणि आपल्या जगात परततात. सोबत येतो फक्त पुस्तकाचा एक कागद. नारळीकरांनी नियम एकदा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांच्या कथेत वाचक कुठंच अडखळत नाही, ते यामुळे.

आमच्या मुलाच्या कथेत पान सहापर्यंत दुसरा नियम होता आणि पान सातवर तिसरा घुसला होता. त्याला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, “सर, म्हंजे म्या दोन कथा एकात शिवल्या.” अगदी बरोबर.

तुमची कथा फक्त पुढच्या काळात जाणारी असेल तर ही सगळी यातायात तुम्हाला नको. पुराणातला ककुद्मी राजा आपल्या मुलीला, रेवतीला, घेऊन ब्रह्मलोकात गेला, थोडा वेळ थांबला, आणि परतेपर्यंत पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली होती. त्यात कुठंही पेच नाही. पुढं जाण्याला भौतिकशास्त्राचीही आडकाठी नाही. १९७१ साली विमानातून जगभर फिरवलेली अणुघड्याळं आणि जमिनीवरची घड्याळं यांत सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार फरक पडलेला मोजला गेला आहे, सेकंदाच्या अगदी बारीक अंशाचा का होईना.

तिसरी तपासणी: सूत आणि सरकी

नियम ठरला तरी कथा अडत असेल तर जमिनीवर बसा. आम्ही वाचनालयाच्या ओसरीवर पांढरं सूत लांब अंथरतो. हा जगाचा काळ. त्यावर घटनेघटनेला सरकीचा एकेक दाणा ठेवायचा: आबाजींचं लग्न, सौदा, नातवाचा जन्म, शिटीची रात्र. फाटा असेल तर जिथं फुटला तिथं दुसरं सूत गाठ मारून जोडायचं. मग लाल दोरा घ्यायचा. तो प्रवाशाचा. तो दाण्यावरून मागं जाईल, फाट्यावर चढेल, परत येईल, पण कधी तुटणार नाही. प्रवाशाच्या अंगावरचे दिवस सलगच असतात. त्याची दाढी वाढते, चपलेचा अंगठा तुटलेला असेल तर तो १९८७ सालातही तुटलेलाच असतो.

जिथं लाल दोरा तोडल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तिथं बिघाड. आमच्या मुलाचा दोरा परतीला तुटला. तो नव्या फाट्यावरून १९८७ साली पुढं निघाला आणि उतरला थेट जुन्या घरात, पण वावर नव्या फाट्यावरचं. कोणत्या सुतावर उतरला? तो बराच वेळ दोन्ही सुतांकडं पाहत उकिडवा बसला, मग दोरा उचलून नव्या सुतावर ठेवला. सगळी पुढची कथा त्या एका हालचालीतून निघाली.

कागदावर आकृती काढूनही हे होतं, पण हातात दोरा असला की चूक हाताला लागते. माझा आग्रह दोऱ्याचाच आहे.

चौथी तपासणी: कुणाला काय आठवतं

पात्रांची नावं लिहा आणि प्रत्येकासमोर त्याच्या आठवणीतलं वावर: विकलेलं की घरचं. फाट्याच्या नियमात हे सोपं जातं. प्रवासी जुन्या वाटेवरून आला, त्याच्या डोक्यात जुनीच वाट. बाकीचे तिथंच वाढले, त्यांना दुसरं काही माहीत असायचं कारण नाही. पाटी पुसण्याच्या नियमात मात्र नायकालाही विसर पडायला हवा, आणि पडत नसेल तर का, हे तुम्हाला सांगावं लागेल. एक चांगली युक्ती म्हणजे आठवण हळूहळू पुसली जाऊ देणे. नायक लिहून ठेवतो आणि आपलंच अक्षर त्याला अनोळखी वाटू लागतं.

हे तपासायचं कारण असं की वाचक नायकाच्या आठवणीवर उभा असतो. ती जागा हलली की त्याचेही पाय सुटतात.

पाचवी तपासणी: तिथला दुसरा कुठं आहे

पाटीच्या नियमावर लिहिणाऱ्यांनी ही सोडली तरी चालेल. फाट्याच्या कथांमध्ये सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. नव्या फाट्यावर वावर घरचं राहिलं, आबाजींकडं पैसा राहिला, नातू जन्मला, वाढला, दहावीत गेला. म्हणजे त्या घरात एक मुलगा आधीच आहे! आमचा नायक परत येऊन त्याच्या खाटेवर झोपतो, त्याच्या ताटात जेवतो, माय त्याला वाढते, आणि तो मुलगा कुठं गेला हे कुणी विचारत नाही.

मी वर्गात हे विचारलं तेव्हा मागं बसलेली सातवीतली एक चिमुरडी, भावासोबत आलेली, म्हणाली, “त्याले काऊन कोनी शोधून नाही रायलं?” त्या प्रश्नावर लेखकानं कथा नव्यानं लिहिली. आता नायक घरी येतो तेव्हा दारात त्याच्याच चेहऱ्याचा मुलगा उभा असतो. हाताला घट्टे पडलेले, कारण त्याच्याकडं वावर आहे आणि तो रोज तिथं राबतो. नायकाचे हात मऊ आहेत. दोघं बोलत नाहीत, एकमेकांच्या हातांकडं पाहतात. इतकं चांगलं पान त्यानं आधी कधी लिहिलं नव्हतं.

गंगाधरपंतही त्या दुसऱ्या मुंबईत मुलाला शोधत ऑफिसात जातात, आणि तिथं त्या नावाचं कुणी नोकरीला नसतं. इतिहास इतका बदलल्यावर माणसं जशीच्या तशी आपापल्या खुर्चीवर सापडणार नाहीत, हे नारळीकरांनी एका छोट्या प्रसंगात दाखवलं.

सहावी आणि सातवी, थोडक्यात

वस्तू तपासा. नातवाला आबाजींनी दिलेलं घड्याळ तो मागं जाऊन आबाजींनाच देतो, असं असेल तर ते घड्याळ बनवलं कुणी? अमेरिकन विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९४१ च्या कथेच्या नावावरून याला बूटस्ट्रॅप पॅराडॉक्स म्हणतात. मुद्दाम ठेवलं तर शोभतं, नकळत राहिलं तर खटकतं. शिवाय असं घड्याळ दर फेरीला झिजत जाईल, तेही पाहा.

आणि गाडी पुन्हा का येत नाही? नायक फसला की पुन्हा मागं जाऊ शकत असेल तर कशालाच किंमत उरत नाही. फेऱ्या मोजून द्या, किंवा प्रत्येक फेरीला त्याच्याकडून काहीतरी कायमचं घ्या.

आठवी तपासणी: मागं राहिलेली वाट

ही अवघड, कारण इथं दोरा आणि सरकी कामाला येत नाहीत. फाट्याच्या नियमात नायक कुणालाच वाचवत नाही. तो जिथं कुणीतरी वाचलं आहे अशा ठिकाणी जातो, एवढंच. निघाला ते घर तसंच राहतं, आणि आता त्या घरातून तोही गेलेला असतो. त्या माईनं त्या रात्री काय केलं? पोलीस पाटलाकडं गेली का? लेखकाला विचारा की हे त्याला मान्य आहे का. त्याला मान्य नसेल तर नियम बदला. कधीकधी मोठ्या मेहनतीनं उभी केलेली फाट्याची कथा मोडून पहिल्या नियमावर आणावी लागते. मी तीनदा आणली आहे. तिन्ही वेळा वाईट वाटलं, तिन्ही वेळा कथा सुधारली.

कुठं थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तुमच्या कथेत कृष्णविवरं, प्रकाशाचा वेग, वर्महोल यांची आकडेमोड असेल आणि शेवट तिच्यावरच टेकलेला असेल, तर माझ्यासारख्याला विचारू नका. जवळच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांकडं जा. जाताना अख्खी कथा नेऊ नका, नियमाचं एक वाक्य आणि अडलेली दोन पानं न्या. गणितज्ञ कुर्ट गोडेल यांनी १९४९ साली आइन्स्टाइनच्या समीकरणांतून, मागं जाणाऱ्या वाटा असलेलं फिरतं विश्व गणितानं काढून दाखवलं होतं. म्हणजे बोलायला भरपूर आहे, पण तो माणूस त्या विषयातला हवा.

गावच्या जुन्या काळाचं अडलं तर म्हाताऱ्या माणसांशी बोला, तालुक्याला जुनी कागदपत्रं पाहा. सनावळी अंदाजानं भरू नका.

आणि एक थांबा असा, जिथं मी उशिरा थांबलो. बारावीतल्या एका मुलीची कथा होती. तिला विचारून आणि काही तपशील बदलून लिहितोय. नायिका एका ठरावीक सकाळी मागं जाते आणि वावरात एकट्या निघालेल्या बापाला थांबवते. फाट्याचा नियम तिनं चोख सांभाळला होता. सतरा वर्षांची ही पोरगी धुऱ्यावर उभी, आणि बाप तिला ओळखत नाही, कारण त्याची लेक नऊ वर्षांची आहे आणि आत्ता शाळेत आहे. तो विचारतो, “तू कोनाची वं पोरी?” मी ते पान वाचून खूप वेळ गप्प बसलो. कथेला शेवट नव्हता. तिनं नऊ शेवट लिहिले होते. मी दहाव्याच्या सूचना देत होतो, आठवणींचा तक्ता, दोरा, सगळं. एका रविवारी ती म्हणाली, “सर, कथेत थांबले बाबा. पन माह्या घरी त नाहीच ना आले.”

तेव्हा कळलं की मी चुकीची गोष्ट दुरुस्त करत होतो. आपल्याकडं कापसाच्या पट्ट्यात अशी घरं कमी नाहीत. लिहिणारा एकाच दिवसाकडं पुन्हा पुन्हा परतत असेल, शेवट लिहून फाडत असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, सगळं आपल्यामुळं झालं असं बोलत असेल, तर वही बाजूला ठेवा. तपासणी करू नका, सूचना देऊ नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा. जीव नकोसा झाला आहे का, हेही विचारा. विचारल्यानं ते मनात भरत नाही. मग त्याला एकटं सोडू नका. सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची मोफत सेवा १४४१६ या नंबरावर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यात समुपदेशकाची चौकशी करा, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा. आम्ही तिच्या आईला घेऊन गेलो. मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो.

ती आता यवतमाळला शिकते. सुट्टीत येते, दुसऱ्यांच्या कथा तपासायला बसते, सूत तीच अंथरते. तिची ती वही वाचनालयाच्या कपाटात आहे, शेवटाशिवाय. मागेल तेव्हा काढून देईन.